सुरगाण्याकडून न आलेले नमुने

त्या वर्षी संक्रांतीनंतर आम्हाला प्रयोगशाळेत बसून डबा खायला वेळ मिळू लागला होता. आदलं अख्खं वर्ष उभ्या उभ्याच गेलं होतं. नाशिकच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. जिल्हाभरातून येणारे नाका-घशातले स्वॅब तपासायचे आणि कोरोना आहे की नाही ते सांगायचं, हे आमचं काम. थंडी सरता सरता नमुने इतके कमी झाले की एक मशीन आम्ही कापड घालून झाकूनच ठेवलं. बाहेर लोकांचे मास्क हनुवटीवर उतरले होते आणि लग्नाच्या पत्रिका यायला लागल्या होत्या.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी काही नमुने निवडून, थर्माकोलच्या पेटीत कोरड्या बर्फात ठेवून पुण्याला पाठवायचे. तिथे त्या विषाणूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचली जात. आपल्या भागात फिरतोय तो जुनाच विषाणू आहे की त्याने रूप बदललंय, हे त्यावरून कळे. पण कळे ते फार उशिरा. उत्तर येईपर्यंत ज्याचा नमुना तो माणूस एकतर बरा होऊन कामाला लागलेला असे, नाहीतर गेलेला असे.

नमुन्यात विषाणू भरपूर असला की मशीनच्या पडद्यावरची रेघ लवकर वर उठते, थोडा असला की उशिरा. फेब्रुवारीच्या शेवटी रेघा लवकर उठायला लागल्या. आधी एखाद-दुसरी. मग एका दुपारी सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचे आणि देवळाली कॅम्पकडचे नमुने एकत्र लावले, तर निम्म्याहून जास्त रेघा एकदमच सरळ वर गेल्या. माझी सहकारी खुर्ची सरकवून जवळ आली.

"मशीन बिघडलंय का गं?"

मलाही तसंच वाटलं. खरं तर तसंच असावं असं वाटलं. आम्ही सगळं धुऊन-पुसून, नवीन द्रावणं काढून पुन्हा लावलं. रेघा पुन्हा तशाच उठल्या. आमचे सर येऊन पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "यातले निवडा आणि पेटी आजच पाठवा," एवढंच म्हणाले. मग कोपऱ्यात जाऊन त्यांनी घरी फोन लावला. आईला आजपासून देवळात पाठवू नका, असं ते दबक्या आवाजात सांगत होते. मला ते ऐकू आलं.

मी दादाला फोन केला. दादा माझा मोठा भाऊ, पण तोही मला ताईच म्हणतो. लासलगावजवळच्या आमच्या गावी शेतात घर बांधून राहतो. तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी तोंडावर आली होती.

"दादा, जरा जपून राहा. काहीतरी वेगळं दिसतंय इथे."

"वेगळं म्हंजी?"

"ते अजून कळलं नाहीये. पण लिलावाला रोज जाऊ नकोस."

तो हसला. "ताई, कांदा काय वावरात ठिऊ? आन् मार्केटात सगळेच येत्यात. मी एकटा घरात बसून काय व्हनार हाय?"

मागून वहिनीचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, मी काढा देते दोन्ही वेळेला."

मी फोन ठेवला. जे मला नीट ठाऊक नव्हतं, त्याची भीती त्याला कशी घालणार?

काढणीला दरवर्षीप्रमाणे सुरगाण्याच्या डोंगराकडून मजुरांची टोळी आली. टोळीची म्होरकी एक चाळिशीची बाई होती. पाच-सहा वर्षं तीच माणसं घेऊन येई. कांदा साठवायच्या चाळीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे राहत. वहिनीचं आणि तिचं चांगलं जमे. संध्याकाळी ती ताकाला येई, ओट्यावर बसे, येताना कधी नागलीचे पापड आणी. वहिनी म्हणायची, हिच्याशी बोलल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

मार्च संपत आला तेव्हा दादाला ताप आला. पाठोपाठ वहिनीला. मी फोनवरूनच गावच्या आरोग्यसेविकेला सांगितलं, घरातल्यांचे स्वॅब घ्या आणि शेडमधल्या मजुरांना कोणाला काही होतंय का तेही बघा. म्होरकीला कणकण होती. असे त्या वस्तीवरचे तीन नमुने एकाच दिवशी माझ्या टेबलावर आले, दादाचा, वहिनीचा आणि तिचा. बाटलीवरचं दादाचं नाव मी दोनदा वाचलं आणि नमुने लावले.

तिन्ही पॉझिटिव्ह निघाले. तिन्ही रेघा लवकर उठलेल्या.

निकाल गावात कळला त्याच संध्याकाळी आठ-दहा लोक शेडवर गेले. ते कोण होते ते मला माहीत आहे, त्यातले दोघे आमचे चुलते. "तुमीच आनला हा रोग, चला निघा," असं म्हणून त्यांनी टोळीला एका पिकअपमध्ये बसवून दिलं. तापाने फणफणलेल्या म्होरकीला त्यांनी गाडीच्या मागच्या फाळक्याशी, सगळ्यांपासून लांब बसायला लावलं. लांब म्हणजे किती, एक पिकअप ती केवढी. दादा आत अंथरुणात होता. त्याला गलका ऐकू आला. तो उठला नाही. उठण्याची ताकद नव्हती असं तो नंतर म्हणाला. वहिनी मात्र दारापर्यंत गेली होती. "अहो, ती आजारी आहे, तिला कुठे पाठवता?" असं तिने विचारलं, पण तिला दम लागला आणि ती उंबऱ्यावरच बसली.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी आरोग्यसेविकेला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, मी पोचले तोवर गाडी गेली होती. वरच्यांना कळवलंय." तिकडे कोणी गेलं की नाही, ते तिलाही पुढे कळलं नाही.

मग नाशिकमध्ये खाटा मिळेनाशा झाल्या. दादाला एक मिळाली. वहिनीला दुसऱ्या दवाखान्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे, बाहेरच्या फाटकापर्यंत जाऊन यायची आणि मधल्या वेळात आमच्यासारख्याच हजारो घरांचे नमुने लावायची. सगळी मशीनं सुरू होती, झाकलेलं मशीनही. आता रेघा बघून कोणी काही बोलत नसे. दादा सुधारला. वहिनी गेली. मला तिचा चेहराही बघता आला नाही, दादाला तर नाहीच. तो तेव्हा ऑक्सिजनवर होता आणि डॉक्टरांनी त्याला सांगू नका म्हटलं होतं.

पुण्याच्या पेटीत त्या तिघांचे नमुने मीच ठेवले होते. एकाच वस्तीवरचे, लवकर उठलेले. नियमाप्रमाणे ते निवडायलाच हवे होते. एव्हाना सगळ्या देशाला माहीत झालं होतं की नवा व्हेरिएंट आलाय. आमच्या फेब्रुवारीच्या पेटीतही तो होता, हे आम्हाला एप्रिलच्या मध्यात कळलं. तोवर स्मशानांत जागा नव्हती.

वस्तीवरच्या नमुन्यांचा अहवाल आला तो पाऊस सुरू झाल्यावर. दादाच्या आणि वहिनीच्या नमुन्यात नवा विषाणू होता, जवळजवळ एकसारखा. म्होरकीच्या नमुन्यात जुना होता. आदल्या वर्षीपासून फिरत असलेला, वेगळ्याच वंशाचा. तिचा विषाणू दादाच्या घरात गेलेला नव्हता आणि दादाचाही तिच्याकडे गेलेला नव्हता. ओट्यावर समोरासमोर बसून ताक पिणाऱ्या त्या दोघी दोन वेगवेगळ्या वाटांनी आजारी पडल्या होत्या.

मी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. "हे आपण जिल्ह्यात काय फिरतंय ते समजायला करतो," ते म्हणाले. "कोणी कोणाला दिलं, ते घरोघर सांगायला नाही."

"सर, गावाने ठरवलंय की डोंगराकडचे मजूर पुन्हा घ्यायचे नाहीत."

त्यांनी अहवाल मला परत दिला. मग म्हणाले, "घरच्या माणसाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्या बाईचं नाव कुठे येऊ देऊ नका."

मी गावी गेले. दादा चाळीत कांदे निवडत बसला होता. निम्मा झाला होता अंगाने. मी त्याच्याजवळ बसले आणि सरळ सांगितलं, "दादा, आपल्या घरात आला तो विषाणू शेडमधून आलेला नाही. तो वेगळा होता."

त्याचा हात थांबला. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल, निदान राग तरी येईल.

"मंग कुठून आला?"

"ते त्यातून नाही कळत."

"घरातून भाईर कोन जात होतं? तुझी वहिनी तर वावराच्या भाईर पडली नवती. मीच जात होतो लिलावाला."

"दादा, कोणाकडूनही येऊ शकतो. दूधवाला येत होता, आरोग्यसेविका येत होती..."

"तू सांगितलं होतं मला. जाऊ नको म्हनून."

त्याने पुन्हा कांदे निवडायला घेतले. चाळीत कांद्याचा उग्र वास कोंडला होता आणि पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्या दिवसापासून दादा बाजारात गेला नाही. माल चुलत भावाबरोबर पाठवू लागला. कोणी खोकलं की उठून अंगणात जायचा. नमुन्यातली खरी गोष्ट मी त्याला सांगितली, आणि त्या गोष्टीने त्याचं असं केलं. न सांगता मला राहता आलं असतं का? मजुरांच्या माथी तो दोष तसाच राहू द्यायचा होता का? अजूनही मला तिसरा रस्ता दिसत नाही.

दिवाळीनंतर त्याचा आपण होऊन फोन आला. "ताई, सुट्टी काढ. सुरगान्याला त्या बाईकडं जाऊन येऊ."

म्होरकीचा पाडा शोधायला वेळ लागला. डांबरी रस्ता संपल्यावर गाडी ठेवून चालत गेलो. भात कापून झालं होतं, खळ्यावर पेंढ्या रचलेल्या होत्या. म्होरकी तिच्या घरापुढे सूप घेऊन बसली होती. आम्हाला बघून उठली, आतून बाज आणून टाकली, पाणी दिलं. वहिनीचं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिने डोळ्यांना पदर लावला.

दादाने घसा साफ केला. "बाई, तुमच्यापासून नवतं झालं ते. माझ्या बहिनीनं तपासलं. तुमचा रोग वेगळा व्हता."

तिला ते समजायला वेळ लागला. मी साध्या शब्दांत पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे वळली.

"मंग ताई, आमच्याकडं कंचा आला?"

"म्हणजे?"

"आमी गाडीतून आलो ना, मंग सगळा पाडा पडला. समद्यांना खोकला. माजा बा मेला. खालच्या घरातली म्हातारी मेली. त्या पलीकडं दोन." तिने हाताने घरं दाखवली. "तो माजाच आहा का दुसरा? तू तपासतेस ना?"

सुरगाण्याकडचा एकही नमुना तपासल्याचं मला आठवेना. आमच्या कार्यालयात जिल्ह्याचा नकाशा होता. कुठे कुठला व्हेरिएंट सापडला, तिथे त्या रंगाचा ठिपका. नाशिक, निफाड, मालेगाव ठिपक्यांनी भरून गेलं होतं. पश्चिमेचा डोंगर कोरा होता. येणारे-जाणारे अधिकारी म्हणत, तिकडे बरं आहे, तिकडे फारसं पसरलं नाही. मीही तो कोरा भाग रोज बघत होते आणि मलाही तसंच वाटत होतं.

"इथे कोणी नमुने घ्यायला आलं नव्हतं?" मी विचारलं.

"कोन येनार? उन्हाळ्यात कोनी आलं नाय, पावसात तर वाटच नाय."

दादाचं तोंड उतरलं होतं. पिकअप कोणी भरली आणि कोणी अडवली नाही, हे त्या अंगणात न बोलताही सगळ्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाई, काढनीला या औंदा. गावाचं मी बघतो. शेडमधी नाय, घराच्या पडवीत राहा."

तिने सूप खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता.

"भाऊ, तो रोग परत आला तर?"

तिनेच पुढे विचारलं.

"आमच्यात कोनी खोकलं, तर ठेवाल आमाला? का परत गाडीत भराल?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा नवा एक व्हेरिएंट परदेशात सापडल्याची बातमी दोन दिवसांपूर्वीच आली होती, आणि ती आमच्यात फक्त मला ठाऊक होती. त्याला हो म्हणायचं होतं, मला दिसत होतं. पण गावातले ते आठ-दहा जण गावातच होते, आणि चुलते आमचेच होते.

"औंदा आमी गुजरातकडं जानार," तीच शेवटी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. आत कोणीतरी खोकलं. दादा सवयीने उठायला गेला, मग बाजेची दोरी घट्ट धरून तिथेच बसून राहिला.