आईला दाखवलेला समुद्र

हर्णैचं नाव निघालं की मला अजून राग येतो. त्या गावाने माझं काही वाकडं केलेलं नाही. राग आहे तो आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, आणि त्यांच्या हो ला हो करणाऱ्या चुलत्यांचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. ऊस तुटून गेला होता. लग्न झाल्यापासून कधी काही न मागणारी आई एक दिवस म्हणाली, "मला एकदा समुद्र दावा. पाण्यात पाय बुडवायचाय." दादांनी भवानीनगरची जीप ठरवली. पण आमची शेळगावची माणसं गाव सोडताना निम्मं घर बरोबर घेतात. स्टोव्ह, रॉकेलचा कॅन, तवा, पातेली, ज्वारीचं पीठ, चटणीची बरणी. दादांना बाहेरचं चालत नाही. मग रांधायला आई आणि काकू होत्याच.

दुपारी हर्णैला पोचलो. उतरलो ते एका ओळखीच्या घरी, बंदरापासून लांब, माडांच्या आड. समुद्राचा नुसता आवाज यायचा. आईने तोंड धुतलं, केस नीट केले आणि चपला घालून दारात उभी राहिली.

"आधी भाकरी टाका," दादा म्हणाले. "समुद्र काय पळून चाललाय व्हय?"

भाकरी झाली, पुरुष जेवले आणि बंदरावर मासळीचा लिलाव बघायला निघाले. "तुमी भांडी आवरा, आमी आलो की जाऊ. एकट्या कुठं जाऊ नका." आले ते दिवस कलताना, पिशवीभर मासे घेऊन. "ताजं हाय, लगीच करा."

आई आणि काकूचा हात बसलेला उजनी धरणाच्या माशांवर. ही नवी जात साफ करताना दोघींची बोटं सोलवटली. आणि दादा शेजारी बसून रंगात येऊन सांगत होते, "काय त्या कोळणी! सगळा कारभार त्यांच्या हातात. गड्यांचं एक चालू देत न्हाईत. बाई असावी तर अशी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आईला कवा नेणार?" मी ओरडूनच विचारलं.

"आता अंधार पडला. सकाळी बघू."

सकाळी काय डोंबल बघणार? गावाकडं पाटाला पाणी सुटणार होतं, रान भिजवायची आमची पाळी होती, आणि हे त्यांना निघतानाच ठाऊक होतं. उजाडायच्या आत जीप सुरू झाली. आई मागे बसली, मांडीवर स्टोव्ह घेऊन. मी घाट चढेपर्यंत संतापाने रडत होते. कुणी विचारलंसुद्धा नाही, का रडतेस म्हणून.

गावात आल्या आल्या दादांनी चारचौघांत सांगून टाकलं, "बायकांना समुद्र दावून आणला." संध्याकाळी शेजारणी अंगणात जमल्या. दादा तिथंच खाटेवर बसले होते.

"कसा असतो गं समुद्र?" एकीने आईला विचारलं.

आईने दादांकडे सरळ बघितलं.

"मासं लय असत्यात त्यात," ती म्हणाली. "साफ करता करता रात हुती."