अदीची समुद्रापल्याडची गिऱ्हाइकं

मोहिनी बांधावरून येताना दिसली आणि मी गवत कापायचं थांबले. निर्वासितांच्या कॅम्प चारहून आमच्या मोरिवलीपर्यंत ती एकटी कधी चालत आली नव्हती. जवळ येऊन ती एवढंच म्हणाली, "अम्मा गेली, मौसी. सुबह को." मग आम्ही दोघी तिथेच बांधावर बसलो. भात पोटरीला आलं होतं, वारा त्यावरून सावकाश जात होता... आणि मला आपलं वाटत होतं की कुठून तरी भाजल्या पापडाचा वास येतोय. महिना उलटला त्याला. वास अजून येतो.

सिंधी माणसं बहिणीला अदी म्हणतात. सगळी बराक मोहिनीच्या अम्माला अदी म्हणायची, म्हणून मीही. फाळणीत कराचीहून ती आली ती लहानग्या मोहिनीला घेऊन. नवरा वाटेतच गेला, हे तिने मला एकदाच सांगितलं, पुन्हा नाही. लष्कराच्या जुन्या बराकीत तिने दहा बायका जमवल्या आणि पापड लाटायला बसवल्या. मी तिच्याकडे गेले ती घरची उडदाची डाळ विकायला, परत आले ती पोळपाट काखोटीला मारून. नवऱ्याने विचारलं, हे काय? म्हटलं, नोकरी. तो हसला. हसू दे. त्या दुपारी आठवल्या की अजून अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. बाहेर खाटांवर शुभ्र पापड, आत दहा लाटण्यांचा एकच सूर, उन्हात थरथरणारी समोरची बराक, आणि कुणीतरी सिंधीत हळू गुणगुणतंय. शब्द कळायचे नाहीत, पण कुठल्याशा नदीचं गाणं आहे एवढं कळायचं.

अदीला शाळा फार नव्हती, पण गिऱ्हाईक तिला पुस्तकासारखं वाचता यायचं. बाजारात ती मला घेऊन जायची आणि दुसऱ्याच्या दुकानासमोर खुशाल उभी राहायची. "तोंड नको बघू विमल, तोंड झूठ बोलतं. हात बघ." मी बघायचे. इथेच बनलेला कंगवा उघडा ठेवला तर हात पुढे जायचा नाही. तोच कंगवा विलायती अक्षरांच्या खोक्यात घातला की हात आधी खोक्यावर. मला राग यायचा. अदीला नाही. ती म्हणायची, "लोकांना दूरची चीज पाहिजे. त्यात रागावायचं काय?"

म्हणून सिंगापूरहून तिच्या दिराचं पत्र आलं, की तिथल्या त्याच्या दुकानात ठेवायला पापड पाठव, तेव्हा तिने मनाशी सगळं आधीच ठरवून टाकलं. परदेशी जाणारा माल परदेशी दिसला पाहिजे! डब्याचं झाकण दाबून दाबून आम्ही पापड गोल कापले. मिरी नेहमी भरड असायची, ती वस्त्रगाळ केली. हिंग जवळजवळ नाहीच. वर बटर पेपर, त्यावर सोनेरी चिठ्ठी. दहा जणींच्या चुली त्या डब्यांवर होत्या, कारण इथल्या बाजारात दारोदार पापडवाल्या झाल्या होत्या. डबे गेले तेव्हा मीही मान्य केलं, देखणे दिसतात.

दोन-अडीच महिन्यांनी पत्र आलं. माल पडून आहे. बायका डबा उचलतात, वास घेतात आणि ठेवून देतात.

दोन दिवस बराकीत लाटणं वाजलं नाही. तिसऱ्या दिवशी अदी कपाळावर हात मारून अशी हसायला लागली की मी घाबरले. "अरे, मी हात कोणाचे ते बघितलंच नाही! वहाँ कौन है? माझ्यासारखीच आहे ना, सिंध सोडून गेलेली! मी तिला मेमसाब समजले." स्वतःसारखीच बाई तिला ओळखू आली नव्हती, समुद्र मध्ये होता म्हणून... इथल्यांना दूरचं हवं होतं, आणि दूर गेलेल्यांना घरचं. मग पुन्हा भरड मिरी, दणकून हिंग, वेड्यावाकड्या कडा, साधा कागद. तो माल पंधरवड्यात संपला. तेव्हापासून चुली पेटत्या राहिल्या त्या त्याच बायकांच्या जिवावर.

मिरी मात्र ती कुणाला कुटू द्यायची नाही. माप नव्हतं, खलात नाक घालून ठरवायची. आम्ही तिची टिंगल करायचो, ती ऐकून घ्यायची. गेल्या उन्हाळ्यात दम्याने तिला खाटेला खिळवलं आणि मिरी माझ्याकडे आली. शेवटची खेप गेली तेव्हा तिने विचारलं, "विमल, उनको पता चलेगा?" मी म्हटलं, "कुणाला कळतंय अदी! डबा फोडतील नि खातील." तिला झोप लागावी म्हणून म्हटलं होतं. तिला ते आवडलं नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

परवा दिराचं पाकीट आलं, आमची तार पोचायच्या आधी टाकलेलं. आत तिथल्या एका गिऱ्हाईक बाईची चिठ्ठी होती, अदीच्या नावाने. अदीने तिला कधी पाहिलेलं नाही, तिने अदीला नाही. मोहिनीने सिंधी वाचून मला सांगितलं: "ह्या वेळी मिरी कमी लागली. तुमची तब्येत बरी आहे ना?"

मी रडले. महिनाभर रडले नव्हते, तेव्हा पोटभर रडले. अदी, कळलं गं त्यांना...

मोहिनी कागद घेऊन बसली. तिला भीती वाटत होती. अम्मा नाही म्हटल्यावर त्या बायका आपले पापड घेतील का, आणि नाही घेतले तर दहा घरांचं काय? "लिहू का, तब्येत ठीक आहे? एक-दो खेप निकल जाएगी, मौसी."

"नको," मी म्हटलं. "लिही, अदी गेली. मिरी मी कुटली होती, कमी पडली. पुढच्या खेपेला बघा आणि पुन्हा कळवा."

"तुमचं नाव घालू?"

"घाल."