तीन ठिपक्यांचा झरा

उमसुनायबाई नारीनच्या कॉलेजात संगणकावर नकाशे करायला शिकवत. पोरी त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणत. बाई बोलायला फटकळ, चुकीला माफी नाही. पण वर्ग सुटला की घरी जायची त्यांना कधीच घाई नसे. घरी होतं कोण? नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा एरनिस कामासाठी रशियात, कझानला. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा, तेवढंच काय ते घरातलं बोलणं.

यंदा पोरींनी नेमका बाईंच्या सासरच्या कुरणांचा नकाशा करायला घेतला. गावात जाऊन विचारपूस केली, आणि पडद्यावर एकाच उतारावर तीन झरे उमटले: आजोबांचं पाणी, थोरल्यांचं पाणी, वडीलधाऱ्यांचं पाणी.

"सुनांना विचारलंत ना गं?" बाई खो खो हसल्या. "अगं येड्यांनो, झरा एकच आहे! घरातल्या थोरल्याचं नाव कोणती सून घेईल?"

"मग खरं नाव काय, एजे?" मेरिमनं विचारलं. "सुना सांगत नाहीत, म्हातारे उरले नाहीत, पुरुष सगळे रशियात. उद्या नकाशा सरकारी कचेरीत द्यायचाय. नाव नसलं तर नुसता आकडा पडेल."

बाईंचं हसू मावळलं. नाव त्यांना ठाऊक होतं. तो झरा दगड उपसून मोकळा केला तो त्यांच्याच सासऱ्यांनी, म्हणून झऱ्याला नावही त्यांचंच. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली, ते नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"थांब, एरनिसला विचारते." त्यांनी तिथूनच फोन लावला.

"उतारावरचा झरा? आजोबांचं पाणीच ना?" तो म्हणाला. "तूच तर म्हणायचीस. आई, कामावर आहे गं, शुक्रवारी बोलू."

बाईंनी फोन खाली ठेवला. आजोबांचं नाव पोराला ठाऊक होतं, झऱ्याला तेच नाव आहे हे ठाऊक नव्हतं. आपण आदब पाळली आणि नाव तिथेच बुडालं. त्यांनी खुर्ची ओढली, दोन ठिपके पुसले आणि तिसऱ्यापुढे एकेक अक्षर दाबत लिहिलं: तोलोमुशचा झरा.

"म्हणून दाखवा ना, एजे. उच्चार चुकायला नको."

"तोलोमुश," बाई म्हणाल्या, आणि सवयीनं डोक्यावरचा रुमाल सारखा करत त्यांनी दाराकडे बघितलं. दटावायला तिथे कुणीच नव्हतं. घरीही नव्हतं.