सानूची दहा मिनिटं

गेल्या सोमवारी संध्याकाळी, सरस्वतीपुरमच्या आमच्या घरात, देवापाशी दिवा लावला आणि माझ्या नातीला पहिल्यांदा 'नाही' म्हटलं… तेही तोंडाने नव्हे, बोटाने.

नात म्हणजे सानवी, आमची सानू, आठ वर्षांची. मुलगा, सून मेघना आणि ती हैदराबादला असतात. मी इथे म्हैसूरला, एकटी.

मे महिन्यात ती सगळी इथे आली होती, तेव्हा सानूला टॅब घेतला. काय बघायचं, किती वेळ बघायचं, त्याला कुलूप घालायचं होतं. मुलगा म्हणाला, "आई, तूच कर. यातलं तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं." खरंय ते… शाळा दहावीपर्यंतच झाली, पण मोबाइल माझा मीच शिकले. गल्लीतल्या अर्ध्या घरांचं लाइट बिल माझ्याच हातून भरलं जातं.

तर केलं सगळं. नको ती अ‍ॅप्स काढली, दिवसाला एक तास ठरवला. 'पालक कोण?' असं विचारलं तिथे माझंच नाव घातलं, कारण हातात माझाच फोन होता. नंतर बदलू म्हटलं आणि राहूनच गेलं. मंडळी परत गेली, किल्ली म्हैसूरलाच राहिली… उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तसं.

मग एका संध्याकाळी फोन टिंग वाजला. 'सानवीला आणखी दहा मिनिटं हवी आहेत.' खाली दोन बटणं… मंजूर, नामंजूर.

तुम्हीच सांगा, कुठली आजी नामंजूर दाबेल?

पुढे ते रोजच यायला लागलं. आणि मी वाट बघायला लागले… छोट्या फिल्टरमध्ये एकटीपुरती कॉफी उतरवायची आणि फोन समोर ठेवून बसायचं. रस्त्यावरून स्कूटरी जातात, शेजारी कुकर होतो, ज्याची त्याची माणसं घरी येतात. आमच्या गेटला मात्र कुणाचा हात लागत नाही.

तेवढ्यात टिंग. मला आपलं वाटायचं, सानूनेच कडी वाजवली. मी 'घे गं राणी' म्हणायची आणि मंजूर दाबायची. कधीकधी ती दोनदा मागायची, कधी तीनदा… मला काय, तेवढंच दोनदा-तीनदा बोलणं झालं.

तसा मुलाचा फोन येतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. त्याचीही कामं असतात हो…

गेल्या रविवारी मेघनाचा फोन आला. "आई, रागावू नका हं, एक विचारू? सानूचा टॅब तासाने बंद व्हायला पाहिजे ना? तो बंदच होत नाही. रात्री डोळे चोळत बसते, दुखतात म्हणते. सेटिंग बिघडलंय का काही?"

म्हटलं, "सेटिंग नाही गं बिघडलं… तुझी सासू बिघडलीय."

सगळं सांगितलं. ती हसली. दुसरी एखादी असती तर चार शब्द सुनावले असते, आणि ते बरोबरच झालं असतं. कुंपणानेच शेत खाल्लं, मग बोलायचं कुणाला?

म्हणून सोमवारी टिंग वाजल्यावर मी नामंजूर दाबलं. दाबलं आणि फोन पालथा ठेवला… दारात आलेल्या पोराला हाकलल्यासारखं वाटलं.

पाच मिनिटांत फोन वाजला. मेघनाच्या नंबरवरून सानू.

"अज्जी! तू नो का म्हटलीस? कोप आलाय काय माझ्यावर?"

मेघनाचं माहेर कन्नड, म्हणून आमच्या सानूचं मराठी असंच, निम्मं कन्नड. म्हटलं, "राग कसला गं? तुझे डोळे दुखतात ना?"

"पण ते तू म्हणतेस हे मला गोत्तेच नव्हतं! मला वाटलं टॅबच सुम्मने, आपोआप येस म्हणतो. आत्ता अम्माने सांगितलं, ते तुझ्या फोनवर येतं म्हणून."

म्हणजे इतके दिवस मी जिला दार उघडत होते, तिला दारामागे मी आहे हेच माहीत नव्हतं.

ती पुढे म्हणते, "मग तू रोज फोन बघत बसतेस काय, मी कधी मागते म्हणून?"

"छे गं," म्हटलं, "मला पुष्कळ कामं असतात."

मग मात्र ती बोलत सुटली. टॅबवर ती एक घर बांधते म्हणे, त्याला जिनाच बसत नाही, म्हणून वेळ पुरत नाही. जिना आधी ठेव, भिंती मागून घाल, असं मी सुचवलं. "अय्यो अज्जी, तुला काही कळत नाही," म्हणाली, आणि माझ्या चुका काढत बसली… शेवटी मेघनाने जेवायला ओढून नेली.

मंगळवारी मीच मेघनाला फोन केला आणि एकेक पायरी सांगत 'पालक' तिच्या नावावर करून दिलं. शेवटी माझं नाव काढू का, असं फोनने विचारलं. 'हो' म्हटलं. किल्ली त्या घरातच असावी, तेच बरं.

आता संध्याकाळी टिंग वाजत नाही. सानूचे डोळेही आता दुखत नाहीत म्हणे, यापरतं आणखी काय हवं? मेघना मला एका शब्दाने बोलली नाही, हेही मी विसरणार नाही.

एवढंच सांगावंसं वाटतं… तुमच्या घरातलं म्हातारं माणूस लांब राहत असेल, तर पोरांना अधूनमधून त्यांच्याकडे काहीतरी मागायला लावा. पण तोंडाने, फोन करून. देऊ न देऊ, ते आमचं आम्ही बघू… 'नाही' म्हणायलासुद्धा पलीकडे माणूस लागतं हो.