चतुर्दशीच्या भरतीतलं चित्र

उपग्रहाच्या चित्रात माणूस दिसत नाही. आम्ही वापरतो त्या चित्रात तरी नाही. त्यातल्या एका ठिपक्यात आख्खं घर मावतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या चित्राबद्दल लिहायला बसलोय त्यात मी आहे. बहिणीशेजारी, बांधावर, नव्या कपड्यांत.

माझं काम नकाशांचं. ठाण्यात एका खाजगी कंपनीत बसून किनाऱ्याची वाटणी करायची: ही खारफुटी, हा चिखल, हे जुनं मिठागर, ही वस्ती. कुठे हात लावायचा नाही आणि कुठे भराव टाकता येईल, हे पुढे अशाच नकाशांवरून ठरतं. झाडोरा लाल दिसेल असे रंग लावले की खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची, म्हणजे खारफुटीची, लाल किनार उमटते. इतकी वर्षं बघतोय, तरी मला ती सुंदर वाटते.

राहतो वर्तकनगरला. जन्म मात्र कळव्यापलीकडच्या खाडीकाठच्या गावातला. वडील मिठागरावर मजूर होते. ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर "आम्ही ठाण्याचेच" म्हणून मी विषय संपवायचो. एकदा डबा खाताना कुणीतरी म्हणालं, "हे खाडीवाले बघ ना, जमिनी विकून गळ्यात साखळ्या घालतात, पण पायाचा चिखल काही जात नाही." सगळे हसले. मीही हसलो. आमच्याकडे तर विकायला जमीनसुद्धा नव्हती.

थोरली बहीण अजून त्याच गावात आहे, एकटी. ओहोटीला चिखलात उतरते, चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरते आणि नाक्यावर विकते. गावामागचं मिठागर कधीच बंद पडलं. पुढे त्याचा बांध एका बाजूने फुटला, खाडीचं पाणी आत-बाहेर करायला लागलं आणि तिवरांची रोपं उगवली. रोपांमागोमाग चिंबोऱ्या आल्या. ही सगळी लागवड आपणच केल्यासारखी बहीण त्याबद्दल बोलायची.

त्या वर्षी नरक चतुर्दशीला पहाटे कारीट फोडून, अंघोळ उरकून मी तिच्याकडे गेलेलो. फराळ झाल्यावर ती मला ओढतच बांधावर घेऊन गेली. खाडी भरत आलेली. अमावास्या तोंडावर आली की दुपारच्या आधीच पाणी बांधाला टेकतं. आमच्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"दिसला का काय?" तिने विचारलं.

"पाणी दिसतंय."

"पान्याच्या खाली बघ ना रं! सगली माझी पोरा हायेत. आता बुडालीत. अष्टमीला सकालचा ये, मंग बघ कशी उभी ऱ्हातान."

मी वाकून पाहिलं. गढूळ पाण्याखाली पानांची टोकं हलत होती, दूरवर, दाटीने.

"उतरून बघू का?" मी गमतीने म्हटलं.

"तू उतरतोस! तुना आता चप्पल पन चावते."

दोन-तीन महिन्यांनी त्याच पट्ट्याचा नकाशा माझ्या टेबलावर आला. पावसाळ्यातली चित्रं ढगांनी झाकलेली, नंतरची धुरकट. एकच स्वच्छ चित्र सापडलं. तारीख बघितली आणि पंचांग काढावं लागलं नाही. चतुर्दशी. तो उपग्रह आमच्यावरून जातो तेव्हा सकाळचे अकरा वाजत असतात. आम्ही दोघं तेव्हा बांधावर उभे होतो.

चित्रात मिठागर काळं होतं. पाण्याखालचा झाडोरा उपग्रहाला दिसत नाही. अष्टमीचंही एक चित्र होतं, ओहोटीचं, पण त्यावर नेमकी आमच्या गावापाशी ढगांची विरळ जाळी. त्या जाळीखालून फिकट लालसर झाक येत होती. मला ती दिसली. तिचा अर्थही कळला.

एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, हे भरतीचं चित्र आहे, आत रोपं आहेत, पुढच्या ओहोटीच्या चित्रापर्यंत थांबू. पण पुढचा प्रश्न मला ऐकू येत होता. तुला कसं माहीत? मग तिथी, मग गाव, मग चिंबोऱ्या धरणारी बहीण. मी अष्टमीचं चित्र बंद केलं.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "क्लीन आहे ना सीन? मग उगाच डोकं नको लावूस. जागेवर कुणी जाऊन आलंय का?"

"मी गेलेलो."

"काय आहे तिथे?"

"पाणी."

"झालं तर."

मी खोटं बोललो नव्हतो. हेच वाक्य मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला ऐकवत राहिलो. मिठागरावर मी 'झाडोरा नसलेली चिखलपट्टी' असा रंग भरला. माझं दिवाळीला बहिणीकडे जाणं प्रत्यक्ष पाहणी म्हणून धरलं गेलं.

उन्हाळ्यात डंपर आले. गावाकडून निम्म्या मिठागरावर भराव पडला, तेव्हा लोकांनी हरकत घेतली आणि सुनावणी लागली. बहिणीचा फोन आला, "तुझा नकाशांचाच काम हाय ना? मंग ये आनि सायबाला समजव. कुना येड्यानं लिवलाय, तिथं झाडाच नाय म्हनून. उरलेला अर्धा तरी वाचंल."

मी गेलो. ती ओट्यावर बसली होती, नुकतीच खाडीतून आलेली. टोपलीत चिंबोऱ्या जेमतेम होत्या.

"तो येडा मी आहे," मी म्हणालो.

ती हसली. "चल, कायपन बोलतोस."

"नकाशा मी केलाय. भरतीच्या चित्रावरून."

"कवाची भरती?"

"चतुर्दशीची. आपण बांधावर होतो, तेव्हाचीच."

चिंबोरीच्या नांग्या बांधणारे तिचे हात थांबले. "मंजे मी तुना दाखवल्यावर?"

"हो."

"मंग का नाय बोल्लास?"

"लाज वाटली."

"कसली लाज?"

माझी नजर खाली होती. तिच्या पायांवर, पोटऱ्यांपर्यंत वाळत चाललेल्या चिखलावर. मी मुद्दाम बघत नव्हतो, पण तिने माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतले.

त्या एका हालचालीने मला जितकं सुनावलं, तितकं तिने तोंडाने आजवर सुनावलेलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नांगीची गाठ आवळत ती म्हणाली, "येशील ना पन? सुनावनीला?"

गेलो. कंपनीला न विचारता गेलो. अष्टमीचं ते ढगाळ चित्र आणि नंतरची ओहोटीची चित्रं घेऊन गेलो. अधिकारी म्हणाले, "भरतीमुळे चूक झाली, एवढं समजलं. पण तेव्हा आत रोपं होती, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"मी बघितली होती. मी त्याच गावचा आहे. माझी बहीण तिथे चिंबोऱ्या धरते."

इतकंच तर बोलायचं होतं. बहीण मागे बायकांमध्ये बसली होती. मी वळून पाहिलं नाही.

काम थांबलं. ओहोटीची चित्रं धरून नवा नकाशा करायचं ठरलं. तो अर्थातच माझ्याकडे आला नाही. ऑफिसात आता खाडीवाल्यांचे विनोद होत नाहीत. मी आलो की निदान थांबतात. उरलेल्या अर्ध्या भागातली रोपं कमरेएवढी झालीत म्हणे. भरावाखाली गेली ती गेली. चित्रात तो भाग आता ढळढळीत पांढरा दिसतो, भरतीला आणि ओहोटीलाही.

भाऊबीजेला गेलो. तिने ओवाळलं, नेहमीसारखं कपाळावर बोट जरा जोरात दाबून टिळा लावला. जेवायला बसलो. दरवर्षी या दिवशी तिच्याकडे चिंबोरीचा रस्सा असतो, माझ्यासाठी मोठ्या नांगीवाली बाजूला काढलेली. ताटात बांगडा होता. मी बघत राहिलो.

"खा ना," ती म्हणाली. "इकतचा हाय. चिखलातला नाय."