मिस्त्रीच्या खोलीतला आवाज

ड्रोनने काढलेले फोटो जोडण्याचं काम मी करते. पुण्याची एक कंपनी शेतांचे, रस्त्यांचे, गावठाणांचे हजारो फोटो पाठवते, मी ते संगणकात टाकते आणि काही तासांनी त्यांचा एक सलग नकाशा तयार होतो. हे काम जालन्यात घरी बसून करता येतं, म्हणून लग्नानंतरही ते सुटलं नाही.

आधी माझ्याकडे मोठा, पेटीसारखा संगणक होता. वीज गेली की इन्व्हर्टर त्याचं ओझं सोसायचा नाही, दहा-पंधरा मिनिटांत शिट्टी वाजवून बंद पडायचा आणि अर्धवट जोडलेला नकाशा पुन्हा पहिल्यापासून करावा लागायचा. म्हणून मी मिनी पीसी घेतला. जेवणाच्या डब्याएवढा, करड्या रंगाचा, पाठीमागे जाळी. वीज कमी खातो आणि ताकद मोठ्याच्या बरोबरीची, असं दुकानदार म्हणाला होता. खोटं नव्हतं ते, फक्त अर्धं होतं.

घरात कूलर एकाच खोलीत होता, सासऱ्यांच्या. नवरा औरंगाबादला नोकरीला, रोज सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतणारा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. दिवसभर घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणायचे. मार्च संपत आला तेव्हा त्यांनीच सांगितलं, टेबल माझ्या खोलीत लाव, तुझ्या खोलीत जीव शिजून निघंल.

मामा मिस्त्री होते. जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांतले. जालन्यात आणि आसपास त्यांनी चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. सत्तरी ओलांडल्यावरही शेजारीपाजारी त्यांना बोरवेलची मोटर दाखवायला न्यायचे. मामा लांब पेचकसाचं टोक मोटरीवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, पुढचं बेअरिंग गेलं. बोलणं तेवढंच.

मिनी पीसी मी मेल पाहत असले की बिलकुल आवाज करायचा नाही. फोटो जोडायला लावले की मात्र आतल्या चिपवर सगळा भार यायचा. पाचेक मिनिटांनी पंखा सुरू व्हायचा, आधी नुसती हवा, मग हळूहळू चढत जाणारा बारीक, किणकिणता सूर. मोठ्या संगणकाचा पंखा ताटाएवढा असतो, सावकाश फिरला तरी पुरतो. याचा पंखा वाटीच्या तोंडाएवढा. आतली सगळी उष्णता बाहेर काढायची तर त्याला जीव तोडून फिरावं लागतं. जागा वाचवली त्याची किंमत कानांनी मोजायची, असा तो व्यवहार.

तो सूर चढला की मामा उठून जायचे. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग दिसलं, की एप्रिलच्या भर दुपारी ते कूलर सोडून बाहेर ओट्यावर पत्र्याखाली बसलेले असतात. मी विचारलं, त्रास होतो का. नाही म्हणाले. बाहेर बरं वाटतं.

बाहेर पत्र्याखाली कुणालाच बरं वाटत नव्हतं. मला वाटलं, सुनेचं टेबल खोलीत नकोसं झालंय आणि बोलून दाखवता येत नाहीये. म्हणून मी संगणकाच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे तीन पर्याय होते. शांत पर्यायात चिपला वीजच कमी मिळायची, पंखा कुजबुजल्यासारखा चालायचा, पण तीन तासांचं काम साडेपाच तासांवर जायचं. पूर्ण ताकदीचा पर्याय फसवा होता. पहिली दहा मिनिटं यंत्र धावायचं, मग आपल्या उन्हाळ्यात तापून स्वतःच वेग कमी करायचं, आणि आवाज मात्र तसाच वरच्या पट्टीत राहायचा. मधला पर्याय मला शहाणपणाचा वाटला. त्यात पंखा चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा.

मामांना तो सगळ्यात वाईट. एकदा जेवताना सूर उतरला आणि परत चढू लागला, तर त्यांच्या हातातला घास तोंडापाशी थांबला. सूर वर पोचेपर्यंत घास तिथेच. मग तो ताटात ठेवून त्यांनी हात धुतले.

त्याच दुपारी ते पहिल्यांदा टेबलाजवळ आले आणि विचारलं, "गरमी कुठून निघती याची?" मी मागची जाळी दाखवली. पडद्यावर चिपचं तापमान दिसत होतं, चौऱ्याण्णव अंश. मामांनी तळहात जाळीसमोर धरला आणि लगेच काढला. हे बंद पडत नाही का, असं विचारलं. मी सांगितलं, फारच तापलं तर आपोआप बंद होतं, घाबरण्यासारखं काही नाही. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. तेव्हापासून मी शांत पर्यायावर काम करू लागले आणि पहाटे लवकर उठू लागले.

मे महिन्यात मामा अंतरवाली सराटीला एका नातेवाइकाच्या तेराव्याला गेले. संध्याकाळी येतो म्हणाले होते. कंपनीला त्याच दिवशी मोठा नकाशा हवा होता. घर रिकामं, म्हणून मी पूर्ण ताकदीचा पर्याय लावला, फोटो जोडायला टाकले आणि गच्चीवर कुरडया उलटायला गेले. गच्चीवर बराच वेळ गेला. खाली आले तर कूलर बंद, पंखे बंद, फ्रीजही बंद. वीज गेली असती तर इन्व्हर्टर लागला असता. कुणीतरी मेन स्विचच पाडला होता आणि इन्व्हर्टरही.

खोलीत मामा उभे होते. दोन वाजताच परतले होते. मिनी पीसीवर न्हाणीतला मोठा पंचा, पाण्याने निथळणारा, दाबून बसवलेला होता आणि त्याच्यावर मामांचे दोन्ही हात. टेबलावरून पाणी खाली ठिबकत होतं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. कोपऱ्याकडे, जिथे गाद्यांची चळत होती, तिकडे बघून म्हणत होते, "निघ बाई. तिकडून न्हाई, इकडून निघ."

त्या कोपऱ्यात कुणी नव्हतं. तरी मी तिकडे पाहिलं, आणि पाहताना मला भीती वाटली हे मी लपवत नाही.

मग मला राग आला. तीन तासांचं काम गेलं होतं आणि यंत्रही गेलं असं वाटत होतं. मी बोलले. काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही; वय झालं म्हणजे काहीही करावं का, असंही त्यात होतं. मामा माझं बोलून होईपर्यंत उभे राहिले. मग भिंतीला टेकून खाली बसले, ओले हात गुडघ्यांवर ठेवून.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर नवऱ्यालाही सांगितलं. त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

चाळीसेक वर्षांपूर्वी मामा एका जिनिंगमध्ये मिस्त्री होते. आता तिथे जिनिंग नाही, नुसती पडीक जागा आहे. हंगाम भरात होता, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. सकाळपासून एका यंत्राचं बेअरिंग बारीक सुरात किणकिणत होतं. कोरडं पडलेलं बेअरिंग तापतं, आणि कापसाच्या कारखान्यात तापलेलं लोखंड म्हणजे काय, ते मिस्त्रीला सांगावं लागत नाही. सूर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा.

"मला ऐकू आल्तं," मामा म्हणाले. "बाकी कोनाला न्हाई, मला एकट्याला. एवढी गाडी होऊ दे म्हनलं, मंग थांबवतो."

त्या गाडीनंतर आणखी एक गाडी झाली. मग कापसाने पेट घेतला. सरकी काढलेल्या मोकळ्या रुईवरून आग पाण्यासारखी वाहते, असं ते म्हणाले. बायका खराब कापूस वेचायला बसायच्या, त्या दाराकडे पळाल्या. त्यांतली एक रुईच्या ढिगामागे होती, ती चुकीच्या बाजूला वळली. मामांनी हाका मारल्या. ती आठ दिवस जगली. विजेच्या तारेमुळे ठिणगी पडली असं सगळे म्हणाले आणि मामांनी कुणाचंच बोलणं दुरुस्त केलं नाही.

मी मेन स्विच लावला. फरशी पुसली. दुसरं काय करावं ते सुचेना.

यंत्र मी उघडून दोन दिवस वाळवलं आणि नवल म्हणजे ते सुरू झालं. पण त्याआधी मामांनी ते हातात घेतलं होतं. मऊ ब्रशने त्यांनी बारीक पात्यांमधली धूळ काढली, पंखा नखाने फिरवला, कानाशी धरला, आणि म्हणाले की हा पंखाच कोरडा पडलाय, चांगला असता तर असा वाजला नसता. मी नवा पंखा मागवला. तो त्यांनी स्वतः बसवला. खाली हवा खेळावी म्हणून लाकडाच्या चार ठोकळ्यांची बैठक करून दिली. त्यानंतर पूर्ण भारावरही नुसती हवा सरकल्याचा आवाज यायचा. किणकिण गेली.

मला वाटलं, मिटलं. आठवडाभराने मी भाजी निवडत होते तर मामा दारात येऊन म्हणाले, बंद कर ते. मी म्हणाले, बंदच आहे, मामा. खोलीत नेऊन दाखवलं. दिवा विझलेला, वायरही काढलेली. मामांनी पेचकस आणला, टोक डब्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. मग पेचकस जागेवर ठेवला. असं पुढे अनेकदा झालं. पावसाळाभर मला त्या डब्यातून काहीच ऐकू आलं नाही, पण कधी कधी मीही हातातलं काम थांबवून खोलीकडे कान द्यायचे.

दसऱ्यानंतर त्यांनी मला विचारलं, धावड्याकडं येशील का माझ्यासंगं. आगीत गेलेली ती बाई तिकडच्या एका खेड्यातली होती. तिची मुलगी अजून तिथेच राहते, हे त्यांना ठाऊक होतं. सगळी वर्षं ठाऊक होतं.

आम्ही भोकरदनपर्यंत एसटीने गेलो, पुढे जीपने. मुलगी आता पन्नाशीला आलेली, केस पिकलेले. अंगणात सोयाबीन उपणत होती. मामांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. त्या जिनिंगचा मिस्त्री, एवढंच म्हणाले. तिने सूप खाली ठेवलं. खाट टाकली, पाणी दिलं. मामांनी उभ्यानेच सांगितलं, बेअरिंगचा आवाज, थांबलेल्या गाड्या, सगळं. मला सांगितलं होतं त्याच शब्दांत, की आवाज मला एकट्याला ऐकू आला होता.

ती सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "एकट्याला कसा? आई आठ दिवस बोलत होती. 'सकाळपून मशीन रडून राह्यलं व्हतं, मी मिस्त्रीला सांगितलं, मिस्त्री हौ म्हनला.' हेच बोलली ती शेवटपर्यंत."

मी मामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला आजही नीट सांगता येणार नाही. विसरले होते की स्वतःपासूनही लपवलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

"हौ," ते म्हणाले. "म्हनलो व्हतो."

ती रडली नाही, भांडली नाही. एवढी वर्षं का आला नाहीत, असं तिने विचारलं. मग तिने चहा केला. मामांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. निघताना मी माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. तिने तो घेतला आणि सूप उचललं.

जीपमध्ये मामा एकदाच बोलले. तिला वाटलं असंल, मिस्त्री थांबवतोच आता, म्हणाले. म्हणून ती निर्धास्त बसली ढिगामागं.

घरी आल्यावर त्यांना तो आवाज पुन्हा ऐकू आला का, मला माहीत नाही. त्यांनी परत कधी बंद कर म्हटलं नाही. यंत्र चालू असताना ते आता खोलीतच बसायचे, उठून जायचे नाहीत. मी शांत पर्याय लावते म्हटलं की नको म्हणायचे. चालू दे, मी ऐकतो. भिंतीकडे तोंड करून बसलेले ते, आणि माझ्या पडद्यावर कुणाची तरी शेतं तुकड्यातुकड्यांनी जोडली जात असलेली, असा तो हिवाळा गेला.

फेब्रुवारीत ते गेले, झोपेत. मधे कधीतरी एक कोरा फोन येऊन गेला होता, काही न बोलता बंद झालेला; तो त्या मुलीचाच असणार असं धरून मी नंबर ठेवला होता. मी कळवलं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

तेराव्याला ती आली. एकटी. मांडवात बायकांच्या शेवटच्या ओळीत बसली. मावससासूने मला हळूच विचारलं, ही कोण. मी म्हणाले, मामांच्या कामावरच्या ओळखीतली. ती जेवली, ताटात काही टाकलं नाही. हात धुऊन झाल्यावर माझ्याजवळ येऊन तिने विचारलं, त्यांची खोली कुठली. मी नेलं. कोपऱ्यात गाद्या होत्या, टेबलावर ते यंत्र झाकून ठेवलेलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली, आत आली नाही. तिथे उभी राहून काय ऐकत होती कोण जाणे. मग पदर सारखा करून भोकरदनची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी चप्पल घातली आणि तिला रिक्षापर्यंत सोडायला निघाले.