आई बसू शकते

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, भर दुपारी, गोमती नगरातल्या एका खासगी इस्पितळात, बिलाच्या खिडकीपाशी. करणाऱ्याने आधी तिला नमस्ते केलं होतं.

दिवाळीच्या सफाईत पंखा पुसताना ती स्टुलावरून पडली आणि मणक्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स तेव्हाच बोलवायची. पाठीवर पडलेल्या माणसाला उठवून बसवत नाहीत, आणि सरकारी गाडी फुकट आली असती. पण मी ऑफिसात होते, आणि आईला गल्लीत सायरन नको होता. "लोकांना वाटेल, गेली!" म्हणून अलीगंजच्या घरून इस्पितळात ती ई-रिक्शात बसून आली, प्रत्येक खड्ड्याला "काही नाही, काही नाही" म्हणत. रिक्शावाल्याशी बाबांनी घासाघीसही केली.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, काही आठवडे बसवायचं नाही, झोपवूनच न्या. हे त्यांनी तोंडी सांगितलं. सरकारी गाडी आजाऱ्याला इस्पितळात आणते, बरं झालेल्याला घरी पोचवत नाही. राहिली इस्पितळाची गाडी. दर साडेतीन हजार, ऑक्सिजन धरून. आई स्वतःचा श्वास स्वतः घेत होती, पण त्याची सूट नव्हती.

"इन्शुरन्स में आ जाएगा ना?" बाबांनी विचारलं. जन्म बँकेत गेला, कागदावर त्यांचा भारी विश्वास.

खिडकीतला भैया अदबीने म्हणाला, "अंकल, फ़ाइल में लिखा है, मरीज़ बैठ सकती हैं. फिर तो एम्बुलेंस आपका शौक हुआ."

लिहिलं होतं खरंच. सकाळी नर्सने विचारलं होतं, "अम्मा, बैठ पाएँगी?" आईने सांगितलं होतं, "हाँ हाँ, आप तकलीफ़ मत कीजिए."

मी भांडायला लागले तसा भैया बाहेर आला आणि स्ट्रेचरपाशी हात जोडून उभा राहिला. "माताजी, बैठ जाएँगी ना?"

"क्यों नहीं, बेटा."

"आई, नाही म्हण!"

"अगं, एवढा हात जोडून विचारतोय. नाही कसं म्हणू?"

"पुढारीणबाई, जरा हळू," बाबा मला म्हणाले. त्यांची नजर फाटकाबाहेरच्या ई-रिक्शांवर होती. मग आईला म्हणाले, "तू बस बघू जरा. जमलं तर जमलं."

आईने आज्ञाधारकपणे कोपर टेकलं. चार बोटं उठली असेल. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो घरात आम्ही कधी ऐकला नव्हता. बाबांनीच तिला घाईने आडवं केलं आणि मागे न बघता म्हणाले, "गाड़ी निकलवाइए."

पैसे आम्ही भरले. विमा कंपनीने ते नाकारले, कारण फाइलीत आई अजून बसू शकते. गाडीत सपाट झोपून ती मला म्हणाली, "पोरगा चांगला होता गं. किती नीट बोलला."

आता तुम्ही ऐका. घरातलं कुणी पाठीवर किंवा मानेवर पडलं, शुद्ध हरपली, छाती आवळून आली, श्वास लागला, तर त्याला "जमेल का?" विचारत बसू नका, गाडी बोलवा. आणि डिस्चार्जच्या दिवशी "झोपवूनच न्यावे" एवढी ओळ डॉक्टरांच्या सहीने हातात पडल्याशिवाय पैशांच्या खिडकीकडे फिरकू नका. तुमची आई "हो, बसते" म्हणणारच आहे. तिच्या आधी तुम्ही "नाही" म्हणा, मोठ्याने.